पाळकसाहेबांचं अक्षर

पाळकसाहेब गेले त्या सकाळी मला आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन आला आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "बाई, चरित्र तुम्हालाच लिहायचंय." माणूस गेला हे सांगायचं ते विसरलेच. कुणाचं चरित्र, असं मी विचारलंसुद्धा नाही. आठ दिवसांपूर्वी मी साहेबांना बघून आले होते, त्यांची शुगर, त्यांची किडनी, सगळं मला ठाऊक होतं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, आणि मी हातात चिमटा धरून तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, राग आला. म्हटलं, गेलात ना शेवटी? माझं देणं तसंच ठेवून गेलात.

देणं म्हणजे पैशाचं नव्हे. ते काय ते सांगते, पण आधी हे चरित्र काय असतं ते सांगायला हवं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू आणि मंडळी म्हणजे आमचं चर्च. मयताच्या भक्तीत, म्हणजे पेटी समोर ठेवून प्रार्थना होते तेव्हा, गेलेल्या माणसाचं चरित्र वाचायची आमच्यात पद्धत आहे. एखादं पानभर. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, लेकरंबाळं किती, आणि शेवटी प्रेमळ, मनमिळाऊ, देवभीरू. ज्याने जन्मभर बायकोला बडवलं, तोही पेटीत आडवा झाला की मनमिळाऊ होतो. बहुतेक ठिकाणी असंच चालतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आमच्या पाळकसाहेबांना मात्र ते खपायचं नाही. ते स्वतः उठून त्या घरी जायचे. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचे. चहा विचारला की म्हणायचे, "आधी पाणी द्या." पाणी सावकाश प्यायचे, तोवर घरातली रडारड जरा थांबायची. मग पहिला प्रश्न, "त्यांना खायला काय आवडायचं?" जन्मतारीख वगैरे नंतर. आणि सगळं विचारून झालं, लोक हलके झाले, की शेवटचा प्रश्न. "त्यांच्या कुठल्या गोष्टीचा तुम्हाला राग यायचा?"

लोक दचकायचे. मयताच्या घरी असलं कुणी विचारतं का! पण साहेब हटायचे नाहीत. म्हणायचे, "देवाला सगळं ठाऊक आहे. मग आपण लपवायचं कुणापासून?" आणि ते रागाचं वाक्य ते चरित्रात घालायचेच. एकच वाक्य, सगळ्यात शेवटी.

भाईंदरजवळच्या राई गावात आमच्या मंडळीतलं एक कुटुंब भाड्याने राहायचं. त्यांची म्हातारी वारली. सुनेला शेवटचा प्रश्न विचारला, तर ती पदराशी चाळा करत म्हणाली, "रोज माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या, आणि चार खायच्या." दुसऱ्या दिवशी भक्तीत साहेबांनी ते जसंच्या तसं वाचलं. पेटी समोर असताना अख्खी मंडळी खदखदून हसली. आणि ती सून, दोन दिवस दगडासारखी बसलेली, हसता हसता जी रडायला लागली ती आवरेना. तेव्हापासून आमच्याकडे चरित्राच्या शेवटच्या ओळीला लोक माना वर करून बसतात.

मी यात कशी आले, तर साहेबांच्या अक्षरामुळे. मी भाईंदरला एका नोटरीच्या टपरीत टायपिस्ट होते. दिवसभर भाडेकरार नाहीतर प्रतिज्ञापत्रं. एकदा साहेब कुणाच्या तरी नावातल्या बदलाचं काम घेऊन आले आणि स्वतः लिहिलेला मजकूर माझ्यापुढे ठेवला. मी तो टाइप करून त्यांच्या हातात दिला. ते बघतच राहिले.

"हे तुम्हाला लागलं?" म्हणाले.

"कोंबडी चिखलातून कागदावर गेलीय," मी म्हटलं, "पण लागलं."

ते इतके हसले की बाहेरच्या बाकावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग म्हणाले, "बाई, मी लिहितो ते मलाच पुलपिटावर उपदेशाला उभं राहिलं की वाचता येत नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला." आणि मी गेले. पुढची वीसेक वर्षं मयताच्या घरी साहेब विचारायचे आणि कोपऱ्यात बसून मी लिहायची. फोन आला की एवढंच, "बाई, वही घेतली का?" पस्तीस वर्षं त्यांनी एकच मंडळी सांभाळली. रिटायर झाले, नवे पाळक आले, तरी चरित्राला लोक त्यांनाच बोलवायचे.

त्यांचा एक नियम होता. घरच्या माणसाने लिहायचं नाही. "घरचा माणूस एकतर फार गोड लिहितो, नाहीतर फार कडू," म्हणायचे. हा नियम मला तेव्हा पटायचा.

आता माझं देणं.

आमचे हे भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारायचे. संध्याकाळी घरी आले की तोंड काळं, फक्त डोळे पांढरे. रविवारी भक्तीला यायचे ते शेवटच्या बाकावर बसायला, कारण उपदेश सुरू झाला की त्यांची मान खाली. साहेब पुलपिटावरून म्हणायचे, "मागच्या बाकाला झोप लागली, म्हणजे माझा उपदेश रुळावर आहे." सगळे हसायचे, हे सोडून.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी यांना ताप आला आणि दहाव्या दिवशी ते दवाखान्यातच गेले. पुढचं सगळ्यांना माहितीय, किती घरांत झालं ते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, तोंडसुद्धा दाखवलं नाही. कबरस्थानाच्या फाटकाबाहेर मी आणि माझी मुलगी. आत अनोळखी चार माणसं, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. भक्ती नाही, गीत नाही, चरित्र नाही. मी साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, "बाई, मला येणं होत नाही हो." त्यांचा आवाज लहान पोराचा व्हावा तसा झाला होता. "परिस्थिती निवळू दे. आपण मंडळीत वाचू. नीट वाचू."

सत्तरी उलटलेली, शुगरचा माणूस. मला समजत नव्हतं का? समजत होतं. मी त्यांना उलट म्हटलं, तुम्ही येऊ नका.

परिस्थिती निवळली. मंडळी पुन्हा भरायला लागली. पहिलं मयत झालं आणि फोन आला, "बाई, वही घेतली का?" मी गेले. मला वाटलं, आज परतताना साहेब आमच्याकडे वळतील. जमिनीवर बसतील, पाणी मागतील. मी घर झाडून आले होते, वेडी. रिक्षात ते बाहेर बघत राहिले आणि माझी गल्ली आल्यावर म्हणाले, "सांभाळून जा."

असं पाच वर्षं. कितीतरी मयतं झाली, कितीतरी चरित्रं मी लिहून घेतली. इतरांना ते विचारायचे, काय आवडायचं खायला, आणि कोपऱ्यात वही धरून मी मनात माझं उत्तर द्यायची. वरणात साखर. लोक हसायचे त्यांना, मराठवाड्याचा माणूस आणि वरणात साखर घालतो. राग कशाचा यायचा? पोचे आलेले डबे घरी आणायचे त्याचा. कारखान्यात बाद झालेला प्रत्येक डबा आमच्या घरी. झाकण एकाला बसायचं नाही. माळ्यावर डबे, पलंगाखाली डबे. आणि भांडले की म्हणायचे, "थोडं चेपलंय म्हणून काय टाकून द्यायचं?" ही उत्तरं मी घोकून ठेवली होती. कुणी विचारलं की धडाधड सांगणार होते.

मग मी विचारलं का नाही? मानी आहे मी, दुसरं काय. वीस वर्षं ज्या माणसाची वही धरली, त्याच्यापुढे हात जोडायचे की माझ्या नवऱ्याचंही लिहा? मागून घेतलेलं चरित्र काय चाटायचंय! त्यांनी आपणहून यायला हवं होतं. आणि ते आले नाहीत. आणि आता येणारही नव्हते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या सकाळी साहेबांच्या घरी निघाले. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात त्यांच्या मुलाचा फ्लॅट, तिथेच साहेब आणि पाळकीणबाई राहायचे. मुलगा दुबईहून निघाला होता, म्हणून माती दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली. खाली मंडपवाला खुर्च्या उतरवत होता. सेक्रेटरी लिफ्टपाशीच भेटले.

"बाई, एक रिक्वेस्ट आहे. उद्या मोठमोठे पाळक येणार आहेत, बाहेरून. साहेबांनी काय काय केलं, त्याची यादी मी दिलीय ना व्हॉट्सॲपवर, तेवढी घ्या. ते शेवटचं, रागाचं, उद्या नको."

"मग तुम्हीच लिहा," मी म्हटलं. "यादी तुमच्याकडे आहेच."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. ज्याने सगळ्यांचं खरं वाचलं, त्याचंच खोटं वाचायचं होय?"

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. मला मात्र आपलीच लाज वाटली, कारण मी खऱ्यासाठी भांडत नव्हते. मला ती शेवटची ओळ हवी होती. त्या ओळीत काय लिहायचं ते माझं तिथे लिफ्टपाशीच ठरलं होतं. "पाळकसाहेब दिलेला शब्द पाळायला आले नाहीत." भर मंडळीत वाचणार होते मी. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं? दुसरी जागाच नव्हती माझ्याकडे.

वर साहेबांना हॉलमध्ये ठेवलं होतं, बर्फाच्या पेटीत. बाजूला पाळकीणबाई बसल्या होत्या. बारीक, वाळक्या, आयुष्यभर साहेबांच्या मागे चार पावलं चाललेल्या. मी जाऊन जमिनीवर बसले. कुणीतरी चहा पुढे केला. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आधी पाणी द्या."

पाळकीणबाईंनी वर पाहिलं. "लिहायला आलीस होय," म्हणाल्या.

"हो."

"विचार मग. त्यांच्यासारखं विचार, नीट."

मी वही उघडली. काय आवडायचं खायला? "भाताची खरवड. पातेल्याच्या तळाची, करपलेली. मी मुद्दाम भात तळाला लागू द्यायची." आणखी? "पालीला भ्यायचे. उपदेश करताना भिंतीवर पाल दिसली की उपदेश आटोपता घ्यायचे. तुम्हाला वाटायचं, आज पवित्र आत्म्याने लवकर सोडलं." आम्ही दोघी हसलो. शेजारच्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या. जन्म जालन्याकडच्या खेड्यातला, वडील शाळेत शिपाई. सायकल चालवता आयुष्यात आली नाही. कुणाच्याही घरी गेले की जेवून आलोय म्हणायचे आणि घरी येऊन दोनदा जेवायचे. मी लिहीत गेले. वीस वर्षांत यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही जगाला विचारत फिरलो, आणि या माणसाला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीसुद्धा.

मग शेवटचा प्रश्न. "त्यांच्या कुठल्या गोष्टीचा राग यायचा?"

पाळकीणबाई पेटीकडे वळल्या. पेटीच्या काचेवर ओल धरली होती, ती त्यांनी पदराने पुसली. मग म्हणाल्या, "माझा राहू दे. तुझा सांग. पाच वर्षं धरून बसलीयस, मला काय दिसत नाही?"

मी वही मिटली.

त्या उठल्या, आत गेल्या. कपाटातून बायबलची जुनी पिशवी आणली आणि तिच्यातून एक फुलस्केप कागद काढला. चार घड्या, घडीवर फाटायला आलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. माझ्या हातात दिला.

"तुझ्या घरच्याचं आहे."

मी कागदाकडे बघत राहिले.

"दर रविवारी भक्तीहून आले की हा घेऊन बसायचे. चार शब्द लिहायचे, दोन खोडायचे. पुरं काही होईना. मी म्हणायची, तिच्याकडून लिहून घ्या. तर म्हणायचे, घरच्या माणसाने कसं लिहायचं?"

"मग विचारायला तरी यायचं होतं," मी म्हटलं. आवाज चढला माझा, साहेब तिथे पुढ्यात असताना. "एकदा यायचं! मी काय दार लावून घेणार होते?"

"दार मीच लावलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी, तुझा फोन आला तेव्हा. ते बूट घालून उभे होते, हातात बायबल. मी कडी घातली आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. म्हटलं, जायचं तर माझ्यावरून जा. दोन तास दारात बसून होते, बुटासकट." त्यांनी पुन्हा काच पुसली. "नंतर म्हणायचे, कोणत्या तोंडाने जाऊ तिच्याकडे? बायकोने अडवलं, असं सांगू? तेही त्यांना सांगवेना. राग धरायचाच ना पोरी, तर माझा धर."

आता सांगा, काय करावं माणसाने? समोर एक बर्फात, दुसरी अशी. मी पाच वर्षं जपून ठेवलेला राग, आणि तो ठेवायला मला कुठे जागाच उरली नाही. पाळकीणबाईंच्या जागी मी असते तर मीही कडी घातली असती. घालायला हवीच होती मी, लॉकडाऊनमध्ये हे कारखान्यात निघाले आणि ताप घेऊन आले त्या दिवशी. घातली नाही.

कागद घेऊन मी खाली आले. मंडपातल्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि वाचायला गेले.

लागेना.

वीस वर्षं ज्याचं अक्षर आख्ख्या भाईंदरात मला एकटीला लागायचं, त्याचं मला लागेना. शेवटच्या वर्षांत साहेबांचा हात थरथरायचा. कोंबडीच्या पायांना निदान बोटं असतात. इथे नुसत्या लाटा. वर यांचं नाव होतं, ते कळलं. "स्टील" कळलं. "मागचा बाक" कळला आणि त्यापुढे दीड ओळ खोडलेली. दुसऱ्या पानावर एका जागी "क्षमा" होतं, पण कुणी कुणाची मागायची ते नाही. खाली उभ्या रेघा, आडव्या रेघा. लाटांच्या मध्ये माझा नवरा होता, आणि मला तो दिसत नव्हता.

कोपऱ्यावर केमिस्टचं दुकान आहे. साहेबांची औषधं तिथूनच यायची. मी गेले. डॉक्टरांचं अक्षर वाचतात हे लोक, हेही वाचतील, एवढीच माझी अक्कल चालली. पोराने कागद उलटा केला, सुलटा केला, ट्यूबलाइटला धरला.

"आंटी, किस डॉक्टर का है?"

"डॉक्टर का नहीं. वो फादर थे ना, ऊपर वाले, उनका."

"अरे, वो अंकल!" त्याने कागद काउंटरवर हळूच ठेवला. "दवाई का नाम होता तो अंदाज से पढ़ लेता. इसमें तो दवाई ही नहीं है."

मग त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. मी दुकानाच्या पायरीवर बसून ती प्यायले. लोक माझ्याकडे बघत होते, बघू दे म्हटलं.

घरी येऊन मी चरित्र लिहिलं. खरवड, पाल, सायकल, दोनदा जेवणं, सगळं. पस्तीस वर्षांत किती बाप्तिस्मे दिले, किती लग्नं लावली, ती सेक्रेटरींची यादीही घातली, नाही असं नाही. शेवटच्या ओळीपाशी थांबले. जे लिफ्टपाशी ठरलं होतं ते लिहिलं आणि खोडलं. खरं होतं आणि खरं नव्हतंही. "त्यांच्या बायकोने..." असं सुरू केलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. जागा रिकामी सोडली आणि कागद पर्समध्ये टाकला, त्या दुसऱ्या कागदाशेजारी.

दुसऱ्या दिवशी मंडळी मावेना इतकी गर्दी. राईची ती सून आली होती, आता तिलाच सून आलीय. जवळच्या डोंगरी गावातून दोन कॅथलिक बाया आल्या होत्या, साहेबांनी कधीतरी त्यांच्या भावाची दारू सोडवायचं काम केलं होतं म्हणे. केमिस्टचा पोरगाही दाराशी उभा होता, चपला काढून. पुढे मोठमोठे पाळक पांढऱ्या झग्यात. मी पुलपिटावर चढले. समोर पेटी, उघडी. साहेबांचा चेहरा असा की आता म्हणतील, बाई, वही घेतली का?

मी वाचलं. खरवडीला लोक हसले. पालीला तर पुढचे ते मोठे पाळकसुद्धा हसले. आणि मग मी शेवटापाशी आले. अख्ख्या मंडळीने माना वर केल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, आता ती ओळ येणार. सेक्रेटरी पंख्याकडे बघायला लागले. पाळकीणबाई पहिल्या बाकावर होत्या. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, मान ताठ. सांग, असंच होतं त्यांच्या नजरेत. माझं नाव घेऊन सांग.

कागदावर जागा रिकामी. मागच्या बाकाकडे माझं लक्ष गेलं. गर्दी एवढी, पण त्या कोपऱ्यात जिथे हे बसायचे, तिथे कुणीतरी पर्स ठेवून जागा धरली होती.

"पाळकसाहेबांचं अक्षर फार वाईट होतं," मी म्हटलं.

आणि काय हसली मंडळी! मनमोकळी, खदखदून, साहेबांना आवडायची तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढे आणखी एक वाक्य म्हणायचं होतं, त्यांनी लिहिलेलं मला शेवटी लागलं नाही, असं. पण हसणं थांबेना, आणि थांबेपर्यंत मी कागदाची घडी घातली होती. मी खाली उतरले. एकट्या पाळकीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी पदर तोंडात धरला होता.

सगळे मला म्हणाले, बाई, छान झालं. साहेबांना शोभेसं झालं. सेक्रेटरींनी तर हात जोडले. मूठमाती देताना मी मनात म्हटलं, आता वाचून दाखवा की मला. माती पेटीवर पडली, इतरांच्या मातीवर आणखी माती पडली आणि आम्ही घरी आलो.

कागद मी बऱ्याच जणांना दाखवला. नोटरीला दाखवला. मुलीने त्याचा फोटो काढून कुठल्याशा ॲपमध्ये घातला, त्याने काहीतरी भलतंच सांगितलं. नवे पाळक म्हणाले, आपण नव्याने लिहू, मी येतो. चांगला मुलगा आहे. पण त्याने यांना पाहिलंसुद्धा नाही. मी नको म्हटलं.

मग एका दुपारी दाराची बेल वाजली. उघडते तर पाळकीणबाई. एकट्या, रिक्षाने आलेल्या, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. धाप लागली होती. हातात शाळेच्या पोरांची असते तशी शंभर पानी वही आणि पेन्सिल. चौथी शिकलेली बाई ती. मी खुर्ची ओढली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. भिंतीला हात धरून, गुडघे मोडत, कशाबशा जमिनीवर बसल्या.

"चहा टाकते," मी म्हटलं.

"आधी पाणी दे."

मी आत गेले. माठातून तांब्या भरला, तर निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. त्या सावकाश प्यायल्या. मग वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली, आणि पहिल्या ओळीवर एक एक अक्षर काढत यांचं नाव लिहिलं. मोठं, गोल, लहान मुलाच्या हाताचं. मी उभ्या जागेवरून वाचू शकत होते.

"काय आवडायचं त्यांना खायला?"

पाच वर्षं घोकलेलं उत्तर. कुणी विचारलं की धडाधड सांगणार होते मी. मी त्यांच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि मला काही, काहीसुद्धा आठवेना. माझ्या मागे माळ्यावर यांचे डबे होते, सगळे चेपलेले.

पाळकीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली नाही. त्या थांबून राहिल्या.